शेवटची सात मिनिटे

माझी धाकटी बहीण बँकॉकला नोकरीला आहे. यंदा श्रावणात ती सुटीवर यायची होती, आणि मी नेमका त्याच आठवड्यात घोडेगावी, मामांकडे.

"किती वेळ लागतो रे तिला यायला?" मामींनी विचारले.

मी ऐटीत सांगितले, "अंतर तीन हजार किलोमीटर. वेळ चार-साडेचार तास."

"म्हणजे तुझ्या एस. टी.ला मुंबईहून इथवर यायला लागला, तेवढाच की!" मामा हसले. मग जरा थांबून म्हणाले, "उद्या तुला निमगिरीकडे नेतो."

आंबेगाव तालुका ओलांडून आम्ही जुन्नरच्या पश्चिमेला शिरलो. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भातखाचरे, वर हिरड्याची झाडे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी याच डोंगररांगेतला नाणेघाट चढून जुन्नरला येत. घाटमाथ्यावर त्यांची जकात गोळा करायचा दगडी रांजण अजून आहे. बँकॉकचे अंतर तासांत सांगणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांनी वेड्यात काढले असते!

निमगिरीच्या पायथ्याशी मामा थांबले. समोरचे डोंगर ढगांत बुडाले होते. एवढा थोरला हरिश्चंद्रगड, पण तोही दिसेना.

"त्या ढगांत दावंड्याचा डोंगर आहे," मामा म्हणाले. "तिथे विमान पडले होते. मी तेव्हा शाळेत होतो. गावात कित्येक दिवस दुसरे बोलणे नव्हते."

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. सिडनीहून रोमला निघालेले अलिटालिया कंपनीचे डी. सी. ८ जातीचे विमान बँकॉक सोडून मुंबईकडे येत होते. सुमारे साडेतीन तासांचा प्रवास झाला होता. मुंबई अजून ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर लांब होती. वैमानिकाला मात्र ती जवळ आल्यासारखी वाटली. पावसाळी अंधारात त्याने विमान वेळेआधीच खाली घेतले, आणि ते सुमारे छत्तीसशे फुटांवर या डोंगराला धडकले. आतली ९४ माणसे गेली, एकही वाचले नाही. या मुलुखाची वैमानिकाला माहिती नव्हती, असे चौकशीत निघाले. सिडनीपासून हजारो किलोमीटरचा हिशेब बरोबर आला होता. चुकली ती शेवटची सहा-सात मिनिटे!

परतताना मामा काही बोलले नाहीत. मीही नाही.

त्या रात्री बहिणीचे विमान निघाल्याचे कळले, आणि मी ओट्यावर जाऊन बसलो. घरात फोनला रेंज नव्हती. पाऊस सारखा कोसळत होता. आता विमाने कशी यंत्रांच्या भरवशावर उतरतात, हे सारे मला ठाऊक होते. तरी घड्याळावरची नजर हलेना. मामींनी दोनदा चहा आणून दिला आणि न विचारताच शेजारी बसून राहिल्या.

शेवटी फोन वाजला.

"दादा, उतरले रे कधीच! सामानाच्या पट्ट्यापाशी पाऊण तास उभी आहे. बॅग काही येईना. जागा कशाला राहिलास?"

"सहज," मी म्हणालो.