बाबासाहेबांचे वकीलपत्र आणि आपले हसणे

पुण्यात आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग भरतो. तिथे एक तरुण नियमित यायचा. त्याच्या चालण्यावरून पोरे त्याला ‘बायल्या’ म्हणायची. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलेले, तरी गालात हसलो. तो यायचा बंद झाला. पुढे रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, “दादा, कॉलेजात जात काढतात, विहारात हे काढतात. मी बसायचे कुठे?”

हा विषय वर्गात काढला, तर एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “ही उच्चवर्णीयांची थेरं, चळवळीत कशाला?” त्यांना १९३४ सालची आठवण द्यावी लागली. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयी शंका विचारत आणि कर्वे उत्तरे देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडली ती बाबासाहेबांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. यावरून बाबासाहेबांना आजच्या समलिंगी हक्कांचे पुढारी ठरवू नये. पण ज्या प्रश्नावर आपण हसतो, तो विचारण्याच्या हक्कासाठी ते कोर्टात उभे राहिले, एवढे निर्विवाद.

दुसरा आक्षेप धम्माचा. तिसरे शील पुढे केले जाते. आमच्या समजुतीने ते शील फसवणूक आणि जबरदस्ती यांच्या विरोधात आहे. ते नवरा-बायकोच्या नात्यालाही लागू होते. विनयात ‘पंडकां’ना संघात प्रवेश नाकारला आहे, हे खरे, ते लपवायचे कारण नाही. पण जे बुद्धिसंगत आणि माणसाच्या हिताचे, तेच बुद्धवचन, ही कसोटी आपल्याला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाने दिली. १९५६ च्या २२ प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. तिला अपवाद जोडलेला नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेब संवैधानिक नैतिकतेवर बोलले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून मुक्त केले, तेव्हा याच तत्त्वाचा आधार घेतला. न्यायालयाने बाबासाहेब वाचले. आपण केव्हा वाचणार?

आम्ही त्या तरुणाच्या घरी जाऊन माफी मागितली. तो अजून वर्गाला आलेला नाही. येत्या रविवारचा विषय १९३४ चा खटला आहे. हसलेल्या सर्वांनी यावे. पहिल्या रांगेत आम्ही असू.

जय भीम.