पन्नाशीची तलवार

दर वर्षी आकाशकंदील टांगताना आमच्या घरी एक छोटेसे युद्ध होते. मी स्टुलावर चढतो, स्टूल कुरकुरते आणि चकलीचा सोऱ्या हातात घेऊनच सौ. स्वयंपाकघरातून धावत येते.

"अहो, उतरा खाली! वय झालं आता. बंड्याला चढू दे."

'वय झालं' हे दोन शब्द मोठे विलक्षण. ते ऐकेपर्यंत माझे गुडघे ठणठणीत असतात. ऐकले की दुखू लागतात! अशा वेळी मला आलादार गेरेविच आठवतो.

हा गृहस्थ हंगेरीचा, जन्म १९१०चा. त्याचा खेळ सेबरचा. सेबर म्हणजे घोडदळाच्या तलवारीची नाजूक नात. टोकाने भोसकायचे, तसाच पात्याने वारही करायचा. मात्र कमरेच्या वरच. या खेळाचे हंगेरीला भारी प्रेम. १९०८ ते १९६४ या काळात हंगेरी ज्या ज्या ऑलिंपिकला गेली, तिथून सेबरचे वैयक्तिक सुवर्णपदक घेऊनच परतली.

गेरेविचने १९३२ साली लॉस एंजेलिसला पहिले सांघिक सुवर्णपदक मिळवले. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. १९३६ साली बर्लिनला दुसरे मिळाले. मग महायुद्ध आले. १९४० आणि १९४४ची ऑलिंपिके झालीच नाहीत. खेळाडूच्या उमेदीची बारा वर्षे गेली. आणि वर्षेच काय, माणसेही गेली. १९३२च्या संघातला पेट्शाउअर १९४३ साली सक्तमजुरीच्या छावणीत मेला, तर काबोश १९४४ साली बुडापेस्टचा पूल उडाला त्यात गेला. दोघेही ज्यू होते. मनात येते, वय वाढण्याची तक्रार करायलाही नशीब लागते.

१९४८ साली लंडनला गेरेविच पुन्हा उभा राहिला तो अडतीस वर्षांचा होऊन. सांघिक सुवर्णपदक तर मिळालेच, शिवाय वैयक्तिकही. पुढे १९५२ साली हेलसिंकी आणि १९५६ साली मेलबर्न. मेलबर्नच्या वेळी तर बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे नुकतेच घुसले होते.

मग आले १९६०. गेरेविच पन्नास वर्षांचा. आपल्याकडे पन्नाशी म्हणजे वानप्रस्थाची वाट! निवड करणाऱ्यांनीही त्याला सांगितले, "वय झालं." असे सांगतात की, गेरेविचने वाद घातला नाही. संघातल्या एकेकाला समोर बोलावले आणि सगळ्यांना हरवले. रोमला तो गेला आणि सहावे सांघिक सुवर्णपदक घेऊन आला.

त्याच्या घरचीही गंमत ऐका. त्याची बायको एर्ना बोगेन हिने १९३२ सालीच तलवारबाजीत कांस्यपदक मिळवले होते. मुलगा पाल यानेही पुढे १९७२ आणि १९८० साली सेबरमध्ये सांघिक कांस्यपदके आणली. म्हणजे त्या घरात "उतरा खाली" म्हणणारीच्या हातातही तलवारच!

आमच्याकडे सोऱ्या होता. गेरेविचचे स्मरण करून या खेपेस मी वाद घातला नाही. मुकाट्याने वर हात करून कंदील बांधू लागलो. खाली पाहिले तर सोऱ्या जमिनीवर ठेवून सौ.ने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरले होते.

कंदील जरा तिरका लागला आहे. पण बंड्याने तो सरळ करायचा नाही, असे तिनेच त्याला बजावले आहे.