आजव्यापासून न्हाणीघरापर्यंत

बडोद्याच्या नळाचा इतिहास शहराबाहेर, पूर्वेच्या उंचवट्यावर सुरू होतो. सूर्या नदीवर आजवा येथे मातीचा बांध घालून तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी जो विस्तीर्ण तलाव बांधवून घेतला, आणि जो पुढे सयाजी सरोवर या नावाने ओळखला जाऊ लागला, त्याचे काम १८८५ मध्ये सुरू होऊन १८९२ मध्ये पूर्ण झाले. तलावाची पातळी शहराहून उंच असल्यामुळे त्याचे पाणी कोणत्याही यंत्राने न ओढता, केवळ स्वतःच्या भाराने उताराकडे वाहत बडोद्यापर्यंत येऊ शकले. त्यापूर्वीचे बडोदे विहिरी, तलाव आणि वाव यांवर जगत होते. वाव म्हणजे पायऱ्यांनी खाली उतरत जाणारी विहीर, आणि लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील १४०५ मधील नवलखी वाव पाहिली की माणसाला पाण्याकडे किती खोल उतरावे लागत असे, हे दगडांतच लिहिलेले दिसते. आजव्यानंतर पाणी माणसाच्या दारी येऊ लागले. पुढे शहर वाढले, तेव्हा मही नदीच्या पात्रातील फ्रेंच विहिरी, म्हणजे वाळूखाली आडव्या पसरलेल्या जाळीदार नळ्यांतून गाळून आलेले पाणी मध्यभागी गोळा करणाऱ्या खोल विहिरी, त्याच्या मदतीला आल्या.

मात्र राज्याने आणि नगरपालिकेने केलेली ही सारी व्यवस्था घराच्या मुख्य कॉकपाशी येऊन थांबते. तेथून पुढचे, जमिनीखालच्या टाकीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत आणि गच्चीपासून न्हाणीघराच्या तोटीपर्यंतचे जाळे हे घरातल्या माणसांचे असते, आणि बहुतेक घरांत तेच सर्वांत अनोळखी राहते. दांडिया बाजार आणि रावपुरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांच्या बाबतीत या अनोळखीपणाला सामाजिक कारणही आहे. गायकवाडांच्या राज्यकारभाराबरोबर आलेली यांतील बरीच कुटुंबे लेखणीवर जगणारी होती. पाना धरणारा हात आणि लेखणी धरणारा हात यांच्यामध्ये जातिव्यवस्थेने जी भिंत उभी केली होती, तिच्या एका बाजूस ज्ञान आणि दुसऱ्या बाजूस कौशल्य असे वाटप होऊन दोन्ही बाजू अपुऱ्या राहिल्या. त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रेरणेने १८९० मध्ये बडोद्यात स्थापन झालेल्या कलाभवनाने या भिंतीलाच हात घातला. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम यांना शास्त्राची बैठक द्यावी आणि ते शिक्षण लोकांच्या भाषेत द्यावे, असा त्यामागचा विचार होता. दादासाहेब फाळके काही काळ या संस्थेत शिकले, आणि आज तीच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेच्या रूपाने उभी आहे. घरातील नळकाम स्वतःच्या हाताने समजून घेणे हा त्याच विचाराचा घरगुती उत्तरार्ध मानला पाहिजे, कारण आजव्याच्या बांधाला लागू असलेले नियम न्हाणीघराच्या भिंतीवरही तसेच लागू असतात.

यासाठी गिझर हे उत्तम उदाहरण आहे, आणि ते समजून घेण्याची वाट जुन्या तांब्याच्या बंबातून जाते. बंबाच्या मधोमध उभी नळी असे, तिच्यात लाकडे, गोवऱ्या किंवा कोळसे पेटत आणि तिच्याभोवतीचे पाणी तापे. काही बंबांना तोटी असे, तर काहींच्या माथ्यावर नरसाळे असे, ज्यात गार पाणी ओतावे तेव्हाच तेवढेच कढत पाणी दुसऱ्या नळीतून बाहेर पडे. तापलेले पाणी हलके होऊन वर राहते आणि जड गार पाणी तळाशी जाते, या एकाच तत्त्वावर ती रचना उभी होती. साठवणीच्या गिझरमध्येही गार पाण्याची नळी टाकीच्या तळाशीच तोंड उघडते, तर गरम पाण्याची नळी आतून थेट माथ्यापर्यंत गेलेली असते. तोटी सोडली की खालून शिरणारे गार पाणी वरच्या गरम पाण्याला बाहेर ढकलते. जोडणी करताना निळ्या खुणेची आणि लाल खुणेची बाजू उलटी झाली, तर टाकीभर पाणी तापूनही न्हाणीत कोमटच येते, आणि त्याचे कारण ज्याला बंब आठवतो त्याला लगेच उमगते.

बंब उघडा होता, गिझर बंदिस्त आहे, आणि या दोघांतील सर्वांत गंभीर भेद तो हाच. पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते. २५ लिटरच्या टाकीत ही वाढ पाव लिटरहून बरीच अधिक भरते, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे त्या वाढीला कोठेतरी वाट द्यावीच लागते. गार पाण्याच्या मार्गावर पाणी उलटे जाऊ न देणारी झडप असेल, तर ती वाट सुरक्षा झडपेतूनच निघते. म्हणून तापताना त्या झडपेच्या लहानशा तोंडातून पडणारे थेंब पाहून ते तोंड बूच मारून बंद करणे हे घरातील सर्वांत घातक दुरुस्तीकाम ठरते. मुळात टाकीवर दाब किती येतो, याचा हिशेबही सोपा आहे. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब देतो. म्हणून बैठ्या घरात गच्चीच्या टाकीचा दाब अल्पच असतो, आणि दहा मजली इमारतीच्या तळमजल्यावर तो तीन किलोच्या घरात जातो. गिझर निवडताना त्यावर लिहिलेला दाबाचा आकडा या उंचीशी ताडून पाहावा लागतो.

घरच्या माणसाने करण्याजोगे खरे काम सांध्यांचे आहे, आणि त्याची सुरुवात मुख्य कॉक बंद करून एखादी तोटी उघडी ठेवण्यापासून होते, म्हणजे नळीत कोंडलेला दाब मोकळा होतो. जेथे आट्यांनीच पाणी अडवायचे असते, तेथे टेफ्लॉनची पट्टी आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने, किंचित ताणून गुंडाळावी लागते. उलट गुंडाळलेली पट्टी पहिल्याच फेऱ्यात गोळा होऊन बाहेर येते. अँगल कॉकपासून गिझरपर्यंत जाणाऱ्या लवचीक नळीच्या टोकाला मात्र रबराचे वायसर असते, तेथे पाणी वायसर अडवते, आटे फक्त त्याला दाबून धरतात. म्हणून तेथे पट्टीची गरज नसते, आणि हाताने घट्ट बसल्यावर पान्याने दिलेला थोडासा पीळ पुरतो. त्याहून जोर लावला की वायसर चिरडते आणि जी गळती थांबवायची तीच सुरू होते. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीची नळी लागते, कारण साध्या पीव्हीसीला ती उष्णता सोसत नाही. ती काटकोनात कापून, कडेची कुसळे साफ करून, चिकटवणारा द्रव लावल्यावर पाव फेरा फिरवत आत दाबावी आणि क्षणभर तशीच धरावी लागते, नाहीतर ती हळूच मागे सरकते. २५ लिटरचा गिझर पाण्यासकट ३० किलोंहून अधिक भरतो, तेव्हा त्याचे बोल्ट पातळ आडभिंतीत न ठोकता भक्कम विटांच्या भिंतीतच ठोकावेत. शेवटी, बटण दाबण्यापूर्वी गरम पाण्याची तोटी उघडी ठेवून टाकी भरू द्यावी. आधी हवा फुसफुसत येते, मग धार तुटत तुटत येते, आणि ती अखंड झाली म्हणजेच टाकी भरली. कोरड्या टाकीत विजेचा प्रवाह सोडला, तर तापक दांडी काही क्षणांत जळू शकते.

पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास २००० वॅटच्या दांडीला सुमारे २१ मिनिटे लागतात. हा हिशेब ज्याने एकदा मांडला, तो पहाटेपासून बटण चालू ठेवत नाही. बोअरच्या कठीण पाण्यावर चालणाऱ्या घरांत त्याच दांडीवर क्षारांची खपली चढते, आणि खपलीतून उष्णता पाण्यात नीट उतरत नसल्यामुळे वेळ आणि वीज दोन्ही वाढतात. टाकीत मॅग्नेशियमची एक दांडीही असते, जी स्वतः झिजत जाऊन टाकीच्या पोलादाला गंजापासून वाचवते. तिचे हे झिजणे बाहेरून दिसत नाही, म्हणूनच ती ठराविक काळाने काढून पाहणे आणि बदलणे हे माहीतगार घराचे लक्षण आहे.

हात जितका जाणता होतो, तितकी त्याला आपली सीमा स्पष्ट दिसू लागते. २००० वॅटचा गिझर सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेतो, त्याला १६ अँपिअरचे सॉकेट, जाड तार आणि निर्दोष अर्थिंग हवे. ओल्या शरीराशी संबंध येणारे हे काम परवानाधारक वायरमननेच करावे. नळाने घरोघर गॅस पोहोचलेल्या बडोद्यात गॅस गिझरचा मोह सहज पडतो, परंतु बंद न्हाणीघरात ज्वाळेला प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड हा रंग आणि वास नसलेला विषारी वायू तयार होतो. असे उपकरण न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच असावे, आणि त्याची जोडणी गॅसच्या तंत्रज्ञाकडे सोपवावी.

घरात मुख्य कॉक कोठे आहे, हे मुलगा-मुलगी असा भेद न करता प्रत्येक मुलाला दाखवावे, आणि वायसर बदलण्याचे काम त्याच्याकडून एकदा तरी करून घ्यावे. ज्याने स्वतः एक सांधा कोरडा राखून दाखवला आहे, त्याला गच्चीवर भर उन्हात अवघडून दहा सांधे बसवणाऱ्या मिस्त्रीच्या कामाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. तो त्याच्याशी मजुरीसाठी घासाघीस करत नाही, त्याच्याशी कामाविषयी बोलतो. ज्ञान आणि कौशल्य यांच्यामधली भिंत पाडण्यासाठी जे काम बडोद्यात १८९० मध्ये एका संस्थेने हाती घेतले, ते घरोघर पूर्ण होण्याचा मार्ग या संवादातूनच जातो.