हुमल्यांचे घर

बाबा गेले आणि सत्तरीतली काजूची बाग माझ्या गळ्यात पडली. आठवडाभर पणजीत फायली, रविवारी बाग. काजू वेचणाऱ्या बायका हुमल्यांना कंटाळल्या होत्या. म्हणून एका रविवारी काठीला रॉकेलची चिंधी बांधून मी घरटी जाळायला निघालो. आई एवढेच म्हणाली, "मारूं नाका रे. तुज्या बापायन केन्नाच मारूंक नात."

झाडाखाली पोचलो तर वर घर बांधणे चालले होते. हुमल्यांनी एकमेकांच्या कमरा धरून साखळी केली होती आणि दोन पाने हळूहळू जवळ ओढली जात होती. मग काही हुमले तोंडात पांढऱ्या अळ्या धरून आले. विणकराच्या धोट्यासारख्या त्या अळ्या या कडेवरून त्या कडेवर फिरू लागल्या. रेशीम पोरांचे, मेहनत मोठ्यांची! या अळ्या स्वतःसाठी कोश विणत नाहीत, सगळे रेशीम घराला देतात.

चीनमधले बागाईतदार शेकडो वर्षांपासून संत्र्यांच्या राखणीला हेच हुमले ठेवत आले. आपल्या काजूचा मोहोर सुकवणाऱ्या ढेकण्यालाही ते आवरतात. बाबांनी हे पुस्तकात वाचले नव्हते.

काठी तशीच परत आणली. त्या झाडाखालचे काजू आता मीच वेचतो. हुमले चावतात. बाबांच्या हातांवर ते लाल ठिपके कसले असायचे, ते आता कळले.