सही करून दाखवा

१४ एप्रिल
रात्री यांची लघवी अडली ती अडलीच. पहाटे शेजाऱ्यांनी गाडी काढली. नळी घातल्यावर सव्वा लिटर निघाली. प्रोस्टेट. "छोटंसं ऑपरेशन, दुर्बिणीतून. दोन दिवसांत घरी."

१७ एप्रिल
प्लेटलेट ६२ हजार. भूल देणाऱ्या बाईंनी कागद दोनदा वाचला. रक्त पुन्हा घेतलं. ६४ हजार. ऑपरेशन थांबलं, नळी तशीच.

१९ एप्रिल
सोनोग्राफी. लिव्हर आकसलेलं, खडबडीत. प्लीहा मोठी. पोटात थोडं पाणी. सिरॉसिस. सुजलेली प्लीहा प्लेटलेट अडवून ठेवते, म्हणून रक्तात कमी.
तपासणाऱ्याने विचारलंच, "कितना पीते थे?" यांनी जन्मात दारूला हात लावला नाही. भिंतीकडे बघत राहिले.
वीस वर्षांची साखर, सुटलेलं पोट, लिव्हरवर चरबी. दुखलं कधीच नाही.

२० एप्रिल
कामाला येणारी म्हणते, "बबा ला पीलिया होगे हे का?" बैगाकडे नेऊन झाडून आणा म्हणते. आमच्या तात्यापाऱ्यात बातमी दुपारपर्यंत पोचली.

२२ एप्रिल
डॉक्टरांना विचारलं, २०२० च्या लॉकडाउनमध्ये शहरात कावीळ पसरली होती, त्यातलं तर नाही? नाही म्हणाले. घाण पाण्यातून येते ती हिपॅटायटिस ए किंवा ई. बहुतेकांची येते आणि जाते, सिरॉसिस मागे ठेवत नाही. पण आधीच सिरॉसिस असलेल्याला ती झाली तर जिवावर बेतू शकतं. आजपासून यांचं पाणी उकळून.

२५ एप्रिल
डॉक्टरांनी कागदावर पाच गोष्टी लिहिल्या. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातलं पाणी, मेंदूवरचा परिणाम. प्रत्येकी एक ते तीन गुण. यांचे आठ. म्हणजे 'बी'. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांचे जुने आकडे सांगितले: 'ए' असेल तर शंभरात दहा दगावत, 'बी' तीस, 'सी' ऐंशी.
"हे ऑपरेशन तेवढं मोठं नाही," म्हणाले, "पण लिव्हर तेच."
लेकीला पुण्याला फोन केला. आकडे सांगितले नाहीत.

२६ एप्रिल
पोटातलं पाणी उतरवायला लघवीच्या गोळ्या. ज्या माणसाची लघवी अडली, त्याला. देवालाही विनोद सुचतात.

२८ एप्रिल
एंडोस्कोपी. अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या. फुटल्या तर रक्ताच्या उलट्या, म्हणून रबरी बँड बांधले. मऊ भात, दोन दिवस.

१ मे
मंडळात महाराष्ट्र दिन. गेले नाही. शेजारी बोरे बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, वर कांदा, मीठ. यांनी वाटी पुढे केली. "चवीपुरतं दे." नाही दिलं, मीठ कमी करायचंय. लोणचं, पापड, कुरडया वरच्या फळीवर. डाळ मात्र कमी करायची नाही, आणि झोपताना काहीतरी खायचंच. रात्रभर उपाशी राहिलं तर शरीर स्वतःचेच स्नायू खातं म्हणे.

६ मे
सकाळी मला "आई" म्हणाले. हात पुढे धरायला लावले, मनगटं फडफडली. अंगात ताप. भरती.
नळीतून जंतू शिरलेत. त्यात तीन-चार दिवस पोट साफ नाही. लिव्हरने गाळायचं ते विष डोक्यात चढलं. अँटिबायोटिक, लॅक्टुलोज.

७ मे
ओळखलं नाही.

८ मे
ओळखलं. चहा बेचव म्हणून चिडले. बरं वाटलं.

११ मे
घरी. नर्सबाईंनी सांगितलं, रोज सकाळी सही करायला लावा. अक्षर बिघडलं तर लगेच या. कालनिर्णयच्या एप्रिलच्या पानामागे पहिली सही. बँकेत तीस वर्षं केलेली, खाली दोन रेघांसकट. दिवसातून दोन-तीनदा शौचाला झालं पाहिजे. घरात आता याच गप्पा.

१३ मे
गुडघा ठणकतो. डिक्लोफिनॅक बंद, किडनी जाईल. पॅरासिटामॉल, तेही दिवसात दोन ग्रॅमच्या आत. झोपेची गोळी नाही. रात्री दोघं जागे.

१८ मे
टाटीबंधला, एम्समध्ये दुसरं मत. नळी ठेवली तर जंतू पुन्हा येणार. ऑपरेशन केलं तर रक्त, भूल, लिव्हर. सही कोणी करायची, आम्ही.
लेसरने रक्त कमी जातं. धुवायला सलाइन वापरतात. जुन्या पद्धतीत ग्लायसीनचं पाणी अंगात मुरून सोडियम उतरायचं. यांचं आधीच १३१. नुसता आयएनआर बघून काही ठरवता येत नाही म्हणाले, या आजारात रक्त वाहूही शकतं आणि गोठूही शकतं.

२६ मे
नवतपा. कूलर नुसती गरम हवा फेकतोय. क्रिएटिनिन वाढलं. लघवीच्या गोळ्या निम्म्या केल्या.

९ जून
लेसर झालं. पाठीत सुई दिली नाही, प्लेटलेटमुळे. पूर्ण भूल. रक्तपेढीतल्या पिशव्या तयार होत्या. दोन लागल्या.

१० जून
सलाइनच्या बाटल्या एकामागून एक. मी वहीत लघवीचा रंग लिहितेय. सहाला गडद. नऊला गडद, एक गाठ. बाराला लाल. चारला गुलाबी. सातला परत लाल. डॉक्टर येऊन नळी धुवून गेले.

११ जून
सही: पहिलं अक्षर ठीक, आडनाव ओळीखाली घसरलं. रेघ एकच. कागद राउंडला दाखवला. तरुण डॉक्टर हसला, मोठ्या डॉक्टरांनी लॅक्टुलोज वाढवलं.

१४ जून
नळी काढली. स्वतः गेले. दाराबाहेर मी आणि वॉर्डबॉय. दोघांनीही ऐकलं.

२१ जून
दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जन्मभर. सिरॉसिसमध्ये कॅन्सर उगवू शकतो. हे यांच्यासमोरच सांगितलं. हे म्हणाले, "ठीक आहे, पुढच्या डिसेंबरात."

२४ जून
दोन दिवसांत वजन दीड किलो वाढलं. घोट्यावर अंगठा दाबला, खड्डा पडतोय. हे म्हणतात काटा बिघडलाय. मी चढून पाहिलं, माझं तेवढंच. ओपीडी शुक्रवारी आहे. उद्याच नेते.