कमानीआधी नाला

जयपूर, जानेवारी

चि. भाचीस,

पत्रास कारण की, नगरपरिषदेच्या मुख्याधिकारीपदावरून पहिलाच अर्थसंकल्प तयार करताना हाती असलेल्या तुटपुंज्या पैशांतून आधी काय करावे आणि मागाहून काय, असा प्रश्न तुझ्या पत्रात आला आहे. 2011 च्या जनगणनेत 30 लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदली गेलेले जयपूर तुझ्या गावाच्या कितीतरी पट मोठे आहे. तरीही येथील महानगरपालिकेची पैशांची अडचण लहान गावाच्या अडचणीहून फारशी वेगळी नाही, आणि म्हणूनच या शहराचा दाखला तपशिलाने देणे उचित ठरेल.

अर्थसंकल्पातील प्राधान्यक्रम म्हणजे नव्या कामांची पसंतीनुसार लावलेली यादी, असा समज सभागृहात आणि सभागृहाबाहेरही रूढ आहे. वस्तुतः कोणत्याही स्थानिक संस्थेच्या जमेचा मोठा भाग वर्ष उजाडण्यापूर्वीच बांधला गेलेला असतो. कर्मचाऱ्यांचे वेतन व निवृत्तिवेतन, पथदिवे व पंप यांचे वीजबिल, कर्जाचे हप्ते आणि मागील वर्षी कार्यादेश देऊन अपुऱ्या राहिलेल्या कामांची देणी, ज्यांना पुण्याकडे 'स्पिल ओव्हर' म्हणतात, हा सारा बांधील खर्च होय, म्हणजे ज्याला नाही म्हणण्याचा अधिकार सभेकडे व्यवहारात उरलेला नसतो असा खर्च. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला महिला व बालकल्याण, दिव्यांग आणि दुर्बल घटक यांच्यासाठी प्रत्येकी 5 टक्के निधी राखून ठेवावा लागतो, आणि तो राखणे न्याय्यच आहे. हे सर्व वजा जाता जी रक्कम उरते तिच्यापुरताच प्राधान्याचा प्रश्न खरा असतो. ती किती उरणार हे जमेवर ठरत असल्यामुळे खर्चाच्या पानाआधी जमेचे पान बारकाईने वाचावे लागते.

जयपूरच्या जमेचे पान गेल्या तीन दशकांत दोनदा फाटले. 1998 मध्ये राजस्थानात जकात, येथील बोलीत चुंगी, रद्द झाली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकारकडून चुंगी पुनर्भरण नावाची भरपाई मिळू लागली. त्यानंतर 2007 मध्ये गृहकरही गेला आणि त्याच्या जागी नगरीय विकास कर आला, ज्यातून 300 चौरस यार्डांपर्यंतचे निवासी आणि 100 चौरस यार्डांपर्यंतचे व्यापारी भूखंड वगळण्यात आले. लहान घराला करातून सोडवण्याचा हेतू चांगलाच होता; परंतु परकोट्यात, म्हणजे तटबंदीच्या आतील जुन्या शहरात, बाजारपेठांतील गाळे मुळातच अरुंद असल्याने मोठी उलाढाल असलेले जवाहिऱ्याचे दुकानही केवळ क्षेत्रफळाच्या हिशेबाने करातून सुटू शकते. जेथे गर्दी, कचरा आणि पर्यटक सर्वाधिक, तेथेच कराचा पाया अरुंद झाला, आणि स्वतःची जमा आटलेल्या संस्थेचा प्राधान्यक्रम हळूहळू अनुदान देणारा ठरवू लागला. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकातही 1999 मध्ये गेली व तिच्या जागी सहायक अनुदान आले, मात्र घरपट्टी शाबूत राहिली. ही घरपट्टी वसूल करणे कितीही अप्रिय असले तरी सभेला स्वतःचे मत राखता येते ते तिच्याच बळावर, आणि म्हणून थकबाकीची वसुली हे अर्थसंकल्पातील पहिल्या क्रमांकाचे काम मानावयास हवे.

दुसरा अडसर अधिकारांच्या वाटणीचा आहे. 1 जून 1993 पासून अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी 18 विषय नोंदवले, पण ते प्रत्यक्षात सोपवायचे की नाही हे राज्याच्या कायद्यावर सोडले. जयपुरात मोठे रस्ते, उड्डाणपूल आणि नव्या वसाहती 1982 मध्ये स्थापन झालेल्या विकास प्राधिकरणाकडे आहेत, बिसलपूर धरणातून येणारे पिण्याचे पाणी राज्याच्या जनस्वास्थ्य अभियांत्रिकी विभागाकडे आहे, आणि महानगरपालिकेकडे उरतात ती मुख्यतः झाडलोट, कचरा, पथदिवे, नाले व गल्लीबोळ. या महानगरपालिकेचे 2019 मध्ये हेरिटेज व ग्रेटर असे दोन भाग झाले, 100 आणि 150 प्रभागांचे, आणि 2025 मध्ये राज्य सरकारने ते पुन्हा एक करून 150 प्रभाग ठेवण्याचा निर्णय घेतला. विभागणी आणि विलीनीकरण या दोन्हींमुळे दप्तर, कर्मचारी व देणी यांची फेरवाटणी करावी लागते, नाल्यातील गाळ मात्र त्यामुळे टोपलीभरही कमी होत नाही.

या गाळाकडे येण्यापूर्वी शहराच्या जन्माची आठवण करणे भाग आहे. सवाई जयसिंहाने 18 नोव्हेंबर 1727 रोजी पाया घातलेले हे नगर विद्याधर भट्टाचार्य यांच्या आराखड्यानुसार चौकड्यांत, म्हणजे आयताकृती पेठांत, वसवले गेले, आणि चौपडींवर, म्हणजे मोठ्या चौकांत, कालव्याने पाणी आणले गेले. 2019 मध्ये युनेस्कोने परकोटा जागतिक वारसा म्हणून घोषित केला तो या आखणीसाठी. वारशाचा दर्जा मिळाल्यानंतर दर्शनी भागाची रंगरंगोटी, कमानींवरील रोषणाई आणि स्वागतद्वारे यांना पैसा मिळणे सोपे झाले, कारण ती दिसतात. आराखड्याचा जो भाग जमिनीखाली अथवा घरांच्या पाठीमागे आहे त्याची आठवण मात्र पावसाळ्यातच होते.

जयपुरातील पाऊस थोडा, पण आला की अंगावर येणारा. जुलै 1981 च्या पुराने शहराची दैना केली होती, आणि 14 ऑगस्ट 2020 रोजी काही तासांच्या पावसाने अरवलीच्या टेकड्यांवरील वाळू खाली ओढून आणली, तेव्हा पायथ्याच्या वस्त्यांत वाहने वाळूत रुतून गाडली गेली. जुन्या शहराच्या उत्तरेकडील ब्रह्मपुरी व नागतलाई हे नाले जलमहाल उभा असलेल्या मानसागर तलावाकडे जातात, आणि शहर जे जे टाकते ते तेथे पोहोचते. अशा कोणत्याही नाल्याच्या सफाईचे दृश्य जवळून पाहिले असता अर्थसंकल्पाचा दोष नेमका कोठे आहे ते ध्यानात येते. फावड्याने वर काढलेला काळा, तारेसारखी प्लास्टिकची चिंधोटी लटकणारा चिखल काठावरच ढीग करून ठेवला जातो; वरची साय उन्हाने तडकते, आत तो ओलाच राहतो, शेजारचे घर खिडकी लावून घेते, आणि गाळ उचलून नेण्याची तरतूद काढण्याच्या तरतुदीत धरलेली नसल्याने तो पहिल्या जोरदार सरीबरोबर पुन्हा नाल्यात उतरतो. कागदोपत्री काम पूर्ण झालेले असते व देयकही निघालेले असते, आणि पुढील वर्षी तोच गाळ काढण्यासाठी तोच आकडा पुन्हा मांडला जातो. येथे पैसा मिळाला नाही असे म्हणता येणार नाही. मिळालेला पैसा काम तडीस जाईल एवढा एका जागी ठेवला गेला नाही, हे त्यातील खरे दुखणे.

याच्या उलट एक गोष्ट द्रव्यवती नदीच्या प्रकल्पात आढळते. अमानीशाह नाला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या 47 किलोमीटरच्या प्रवाहाचे काम विकास प्राधिकरणाने 2016 मध्ये हाती घेतले, आणि सुमारे 1,676 कोटी रुपयांच्या त्या करारात बांधकामाबरोबर दहा वर्षांची देखभालही धरलेली होती. नदीला काँक्रीटची कड घालण्याविषयी मतभेद असू शकतात, व ते असावेतही, परंतु बांधण्याची किंमत व जपण्याची किंमत एकाच कागदावर लिहिण्याची ही पद्धत लहान नगरपरिषदेनेही उचलावी अशी आहे. बाग, कमान, सभागृह वा जलतरण तलाव यांचा प्रत्येक प्रस्ताव सभेपुढे ठेवताना पुढील दहा वर्षांचे वीजबिल, पहारेकरी आणि दुरुस्ती यांचा अंदाज त्याच पानावर दिला गेला, तर पुष्कळशा कामांची निकड आपोआप कमी होते.

अनुदानाचीही एक बाजू आहे. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील शहरांच्या अनुदानाचा तिसरा हिस्सा हवेच्या गुणवत्तेशी आणि उरलेले दोन हिस्से पाणी, स्वच्छता व घनकचरा यांच्याशी जोडले. असे अनुदान बंधित म्हणजे ठरावीक कामासाठीच वापरता येणारे असते. बंधित पैसा ज्या कामांना मिळू शकतो त्यांवर स्वनिधी खर्च करू नये, आणि ज्या कामांना कोणीच अनुदान देत नाही, उदाहरणार्थ फुटलेली गटारे, स्मशानभूमीची छपरे, सफाई कामगारांचे हातमोजे व गमबूट, त्यांच्यासाठी स्वनिधी राखून ठेवावा, हा हिशेब साधा असूनही फार थोड्या ठिकाणी पाळला जातो. सफाई कामगार वर्षभर ज्या चिखलात उतरतो त्या चिखलाच्या तरतुदीत त्याचे गमबूट नसावेत, ही गोष्ट कोणत्याही सभेने सहन करता कामा नये.

नगरसेवकांच्या प्रभागनिहाय कामांच्या यादीला सरसकट विरोध करणेही योग्य नव्हे, कारण बंद पडलेला दिवा प्रथम त्यांनाच कळतो. पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून थेट कामे सुचवून घेण्याचा प्रयोग झाला, आणि त्याचे मोल असे की पदपथाची फुटकी फरशी अर्थसंकल्पाच्या पुस्तकात स्थान मिळवू शकली. अशा सूचना मागवताना दुरुस्ती व नवे काम यांचे दोन निराळे कागद ठेवावेत आणि दुरुस्तीच्या कागदाला आधी पैसा द्यावा.

तुझ्या नगरपरिषदेपुरते एकच काम तातडीचे दिसते. नालेसफाईच्या एका ओळीचे काढणे, वाहून नेणे आणि टाकण्याची जागा असे तीन भाग करून तिन्हींना निरनिराळी रक्कम लिहावी, गाळ वजनकाट्यावर मोजून मगच देयक द्यावे, आणि ओढ्यांची लांबी फेब्रुवारीतच टेपने मोजून घ्यावी. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते व मृग 7 जूनच्या सुमारास लागतो, म्हणजे मध्ये 67 दिवस उरतात. निविदेची तयारी आधीच झालेली असेल तरच ते पुरतात.

ताईस सा. नमस्कार सांगावा. ओढ्यांची मोजणी झाल्यावर आकडे अवश्य कळवावेत.

तुझा मामा