शाळा न सुटणारं घर

चांदे म्हटलं की आमच्या नगरकडच्या पाहुण्यांना आजही नेवाशाचा चांदा आठवतो. लग्नाची पत्रिका घेऊन निघालेला एक मामा खरोखरच तिकडं जाऊन, तिथला चहा पिऊन परत आला होता. आमचं चांदे मुळशीतलं. शेजारी नांदे, त्यामुळे लोक 'नांदे-चांदे' असं जोडीनंच म्हणतात. पप्पा आणि काका दोघांच्याही नोकऱ्या हिंजवडीला. २००९ साली दोघांनी मिळून इथं घर घेतलं, तेव्हा गच्चीवरून रात्रीचे दिवे मोजता यायचे. आम्ही पाच भावंडं त्या घरात वाढलो आणि तिथंच शिकलो. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले होते, मधला भाऊ एक सहामाही. बाकीच्या तिघांनी शाळा बाहेरूनच पाहिली.

असं का, हे विचारलं की मोठी माणसं वेगवेगळी कारणं सांगायची. पप्पा म्हणायचे, श्रद्धेसाठी. मुलांना घरी बसलेलं असताना, वाटेनं चालताना, निजताना नि उठताना शिकवत राहावं, असं पवित्र शास्त्रात अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आहे. (त्या पुस्तकाचं नावच 'अनुवाद'. त्यामुळे लहानपणी आम्हाला वाटायचं, बाकीची पुस्तकं मूळ मराठी असणार आणि हे एकच भाषांतर.) काका म्हणायचे, रस्त्यासाठी; बसमध्ये रोज दोन तास कशाला घालवायचे? आई काहीच म्हणायची नाही. मधला भाऊ बोलताना अडखळायचा. ज्या शाळेत त्याला घातलं होतं तिथं त्याची नक्कल व्हायची, आणि दिवाळीपर्यंत तो घरातही बोलेनासा झाला. आम्हा भावंडांच्या मते खरं कारण तेच. श्रद्धा त्याला नंतर चिकटवली, असं मी एकदा काकूला म्हणाले. ती म्हणाली, "चिकटवली नाही गं. ती घरात होतीच, तिला काम मिळालं."

सगळ्यांत जास्त दुखावली गेली ती आज्जी. ती नगरला चाळीस वर्षं शिक्षिका होती. तिच्या आईच्या लहानपणी गावच्या शाळेत गावकुसाबाहेरच्या मुलांना ओट्याखाली बसवत. पाटी वरून खाली सरकवली जायची. तिची आई मिशनच्या शाळेत आली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा चटईवर बसली. नगरचा ख्रिस्ती समाज म्हणजे शाळांतून उभा राहिलेला समाज. सिंथिया फरारबाईंनी तिथं मुलींना शिकवायला सुरुवात केली, आणि सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचं शिक्षण तिथं घेतलं, हे आज्जी स्वतः तिथं हजर असल्यासारखं सांगायची. अशा बाईला मुलानं फोनवर सांगितलं, की पोरांना शाळेतून काढलंय. ती एवढंच म्हणाली, "ज्या दारासाठी आम्ही रडलो, ते तुम्ही आतून लावून घेतलंत." मग चार महिने फोन नाही.

त्या चार महिन्यांत आमच्या घरी परदेशातून वह्यांचं खोकं आलं. खास ख्रिस्ती घरांसाठी बनवलेला अभ्यासक्रम, रंगीत, चकचकीत, महाग. त्या कंपनीचं नाव घेत नाही. वहीतली मुलं बर्फ उकरायची, 'पम्पकिन पाय' खायची आणि सेंट मोजायची. आमच्या एका चुलत बहिणीला सहाव्या वर्षी डॉलरचे सुटे करता यायचे, पण वाण्याकडून वीस रुपयांतले उरलेले पैसे घेता यायचे नाहीत. पृथ्वीचं वय त्या वहीत एक आणि बालभारतीच्या पुस्तकात दुसरं. पप्पा आणि काकांचं त्यावरून जेवताना इतकं वाजलं की ताटं तशीच राहिली. शेवटी काकांनी दोन्ही पुस्तकं टेबलावर उघडी ठेवली आणि सांगितलं, मुलं दोन्ही वाचतील. पुढं वर्षभर आम्ही त्यावर भांडलो. त्या भांडणात मी जेवढा भूगोल शिकले तेवढा नंतर कधी शिकले नाही.

आई त्या वर्षी वाळली. सकाळी पाचला उठायची, डबे करायची, साडेआठला प्रार्थना, मग आम्हा भावंडांचे वेगवेगळ्या इयत्तांचे धडे, दुपारी कपडे, रात्री दुसऱ्या दिवसाची तयारी. काकू गणित घ्यायची, पण तिचं बाळ अंगावर होतं. घरी शिकवणारी आई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं शांत, हसरी बाई येते. आम्हाला आठवते ती ओट्यापाशी पाठ करून उभी असलेली, फोडणीच्या धुराच्या निमित्तानं डोळे पुसणारी आई.

तिला सावरलं ते पुण्यातल्या पाच-सहा ख्रिस्ती घरांनी. कुणी मल्याळी, कुणी तमिळ, एक नागा कुटुंब, आम्ही मराठी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमायचं. पहिल्या बैठकीत अभ्यासक्रमाचा विषयच निघाला नाही, असं आई सांगते. नागा मावशींनी विचारलं, "तुम्ही शेवटचं झोपलात कधी?" आणि आई रडली. त्यानंतर त्यांनी ठरवलं, दर गुरुवारी एका घरची मुलं दुसऱ्या घरी. त्या दिवशी त्या आईनं शिकवायचं नाही. मला विचाराल तर त्या सगळ्या वर्षांतली सर्वांत कामाची युक्ती हीच. प्रोत्साहन म्हणजे पाठीवर थाप नव्हे. गुरुवारचा मोकळा दिवस.

तिथंच पुस्तकं फिरायची. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेचं (१८४२ ते १९२३) एक पुस्तक तमिळ मावशींनी दिलं. धडा छोटा ठेवायचा, एकदाच वाचायचा आणि मुलानं तो आपल्या शब्दांत परत सांगायचा, ही बाईंची रीत. अडखळणाऱ्या भावाला ते जमेल का, अशी आईला भीती. तो आम्हाला सांगायचाच नाही; मागच्या अंगणातल्या कोंबड्यांना सांगायचा. आई खिडकीआड उभी राहून ऐकायची. दुसऱ्या कुणी सुझाना वेस्लीचं उदाहरण दिलं. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीची ही आई, १९ मुलं झाली, त्यांतली निम्मीच मोठी झाली. पाच वर्षं पुरी झाली की दुसऱ्या दिवशी मुलाला बसवायची आणि संध्याकाळपर्यंत सगळी अक्षरं शिकवायची. तिच्या दोन मुलींना मात्र दीड दिवस लागला. काकूला या दीड दिवसानं फार धीर आला.

चार महिन्यांनी आज्जी आली. भांडायलाच आली होती. पिशवीत 'बालबोधमेवा'चे जुने अंक, दोऱ्यानं शिवलेले. मुलांसाठीचं हे मासिक मराठी मिशननं १८७२ साली काढलेलं. पहिल्या सकाळी तिनं आमची प्रार्थना ऐकली. आम्ही इंग्रजीत प्रार्थना केली, इंग्रजी गाणं म्हटलं. तिनं डोळे उघडले, 'उपासना-संगीत' हे मराठी गीतांचं पुस्तक हातात दिलं आणि म्हणाली, वाचा. आमच्यापैकी एकालाही जोडाक्षरं धड वाचता आली नाहीत. तिनं आईकडं पाहिलंही नाही. दुपारी अप्पा बळवंत चौकातून काकांना अंकलिप्या आणायला सांगितल्या. भांडण तिथंच राहिलं आणि ती अकरा वर्षं राहिली.

आज्जीच्या तासाला पुस्तक एकच, पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर. साध्या बायकांना कळावं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अनेक वर्षं त्यावर बसल्या, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. आज्जीला सोपी मराठी फार आवडायची. पाळकसाहेबांच्या संस्कृत शब्दांवर ती घरी येऊन तोंडसुख घ्यायची.

रमाबाईंवरून आई आणि आज्जीचा वाद मात्र कधी संपला नाही. आईचं म्हणणं, रमाबाईंना शिकवलं कुणी? घरच्यांनीच. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांनी गवगवा केला, म्हणून गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. दिवसभर कामाचा रगाडा, त्यामुळे रमाबाईंची आई पहाटे पाखरांच्याही आधी लेकीला उठवून तोंडी पाठ द्यायची. शाळेत न गेलेल्या त्या मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलं. आज्जीचं म्हणणं, बरोबर, आणि मोठी झाल्यावर तिनं काय काढलं? शाळा! १८८९ साली मुंबईत शारदा सदन, पुढं केडगावला मुक्ती मिशन. अमेरिकेत गेली तर तिथं बालवाडीचं शिक्षण शिकून आली. घरी शिकण्याचं सुख काय असतं ते कळलेली बाई दुसऱ्यांच्या लेकींसाठी शाळा काढते, कारण सगळ्या लेकींना अनंतशास्त्री मिळत नाहीत. यावर आई गप्प व्हायची. मलाही आजवर उत्तर सापडलेलं नाही.

आम्ही केडगावला गेलो होतो, पुण्याहून दौंडच्या गाडीनं. मुक्तीच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत, हे आज्जीनं रेल्वेतच सांगून ठेवलं होतं. परत आल्यावर आम्ही बटाट्यावर उलटी अक्षरं कोरून आठवडाभर सगळ्या चादरींवर छापलं.

विज्ञान शेतात व्हायचं. शेजारच्या खाचरातल्या काकी उन्हाळ्यात राब भाजायच्या, तेव्हा राखेचं काय होतं ते विचारायचं. चिखलणीच्या वेळी गुडघाभर उतरायचं. इंद्रायणी भाताच्या लावणीत ओळ वाकडी गेली की काकी ती उपटायला लावायच्या. त्यांनी आम्हाला तण आणि भात ओळखायला शिकवलं. बायबलमधला गव्हातल्या निदणाचा दाखला त्यानंतर पप्पांना आम्हाला समजावून सांगावा लागला नाही.

कायद्याची धास्ती कायम होती. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य, असं त्याचं कलम १० म्हणतं. न घातलं तर पालकांना शिक्षा मात्र लिहिलेली नाही. काकांनी ते छापून फ्रिजवर लावलं होतं. ४ जुलै २०१५ ला राज्यभर शाळाबाह्य मुलांचं एकदिवसीय सर्वेक्षण झालं. शनिवार होता. गुरुजी दारात, हातात याद्या आणि शाईची बाटली. आज्जी पुढं झाली. दोघांची ओळख निघाली नाही, पण डी.एड.च्या गप्पा निघाल्या. गुरुजींनी मधल्या भावाला सतराचा पाढा विचारला. तो तेवढ्यापुरता अजिबात अडखळला नाही; पाढे तो नेहमीच गाण्यासारखे म्हणायचा. गुरुजींनी आम्हाला कुठल्या रकान्यात घातलं ते कळलं नाही. पण बोटाला शाई लागली, आणि सगळ्यांत धाकटीनं ती पुसू नये म्हणून दोन दिवस तो हात कशाला लावला नाही, अंघोळही टाळली.

पुढं आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसलो. चौदा वर्षं पूर्ण लागतात, विषय निवडता येतात, परीक्षा एप्रिलमध्ये नाहीतर ऑक्टोबरमध्ये. गावात मात्र सगळ्यांना वाटायचं, पोरं नापास झाली, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतायत. एका महाविद्यालयाच्या खिडकीवरच्या माणसानं माझं प्रमाणपत्र दोनदा उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "शाळेचा दाखला?" आईनं तेव्हा केलेला आवाज मी आधी किंवा नंतर कधी ऐकला नाही.

आता चांद्यात गच्चीवरून दिवे मोजता येत नाहीत. आज्जी २०२१ मध्ये गेली. शेवटच्या वर्षी तिला ऐकू कमी यायचं, तरी सकाळी साडेआठला प्रार्थनेला खुर्ची पुढं ओढायची. मधल्या भावानं तेव्हा बारावीनंतर डी.एल.एड.चा फॉर्म भरला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक व्हायचंय, हे त्यानं तिच्या कानाशी वाकून सांगितलं. 'परिषद' या शब्दावर तो तीनदा अडकला. तिनं घाई केली नाही, त्याचा शब्द पुरा होईपर्यंत थांबली, मग आईकडं वळून म्हणाली, "बघ. गेला ना शेवटी शाळेत?"